टेकू लावला होता

१

ग्रंथपाल बाईंनी गाडीचं दार उघडलं, वाकून एक नंबरचं बटण दाबलं आणि सीट जागची हलली नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. मग बोट तसंच बटणावर ठेवून त्या समोरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. गाडीतलं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवत उघडमीट करत होतं, आणि बाहेर तर उन्हं कलली होती. रेडिओ कसलासा गुप्त आकडा मागत होता. चावी त्यांच्या हातात देऊन मी शेजारीच उभी होते.

"सगळं पुसलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता.

गॅरेज आमच्या ह्यांचं. मी पुढच्या काचेच्या खोलीत बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांना कधी खरं आणि कधी सोयीचं सांगते. बाई सकाळी गाडी घेऊन आल्या होत्या. बॅटरी थकली होती, नवी टाकायची होती. काम किरकोळ. पण बाईंनी मला, मग ह्यांना, मग माझ्या दिराला, असं एकेकाला गाठून बजावलं होतं, "बॅटरी बदला, पण आतली सेटिंग जाऊ देऊ नका. एकही नको." का, ते सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. म्हटलं काळजी करू नका, आमच्याकडे टेकू आहे.

टेकू हे आमच्या गॅरेजमधलं नाव. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी डबी, आत छोटी बॅटरी, वर हिरवा दिवा आणि लांब वायर. वायरीचं टोक गाडीतल्या लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं. मोठी बॅटरी बाहेर निघाली तरी ही डबी गाडीला थोडी थोडी वीज देत राहते, म्हणजे गाडीची आठवण शाबूत राहते. घड्याळ, रेडिओची स्टेशनं, सीट कुणासाठी किती मागे, सगळं. विजेचं काम माझ्या दिराचं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळं गॅरेज धाकटाच म्हणतं.

"नुसतं घड्याळच ना बाई, आत्ता लावून देतो," हे हसत पुढे आले.

"घड्याळ मला लावता येतं." बाई सरळ झाल्या. "आमचे हे गेल्या वर्षी गेले. त्यांची सीट एक नंबरवर होती, माझी दोनवर. रोज निघताना मी आधी एक दाबते. सीट मागे जाते, खाली होते. मग दोन दाबते आणि बसते. म्हणजे, ते उठले आणि त्यांनी मला जागा दिली, असं." एवढं बोलून त्यांना जाणवलं की आपण चार परक्या माणसांत उभ्या आहोत. दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांपाशी थांबली होती. बाई कानापर्यंत लाल झाल्या.

नेमका तेव्हाच धाकटा परत आला. दुपारी कुणाची तरी गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून ह्यांनी त्याला हातातलं काम संपताक्षणी पिटाळलं होतं. आल्या आल्या ह्यांनी त्याला धरलं.

"टेकू लावला होतास?"

"लावला होता, दादा."

"मग हे काय झालं?"

"लावला होता. हिरवा दिवा लागला होता. आणि चावी मी—"

"गप्प बस!" हे असे ओरडले की रस्त्यावरचा माणूस थांबला. "जन्मभर थापा मारत आलास. काम टाळायचं आणि वर तोंड करून खोटं बोलायचं!"

आता, थापांचं म्हणाल तर ते साफ खोटं नव्हतं. धाकटा अंथरुणातून फोनवर 'निघालोच' म्हणणाऱ्यांपैकी. 'जेवलो' म्हणून उपाशी राहायचं आणि 'नाही जेवलो' म्हणून दोनदा जेवायचं, हे त्याचं नेहमीचं. घरात कुणाचंच त्याच्या बोलण्याकडे लक्ष नसायचं. पण कामात त्याने कधी थाप मारल्याचं मला आठवत नव्हतं. हे मला नंतर सुचलं. तेव्हा नाही.

"चूक झाली म्हणाला असतात तर मी काही बोलले नसते," बाई त्याला म्हणाल्या. "पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत तरी खोटं बोलू नये."

धाकट्याचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. "उद्यापासून येऊ नकोस," हे म्हणाले. त्याने अंगातला कामाचा कोट काढला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"वहिनी, मी टेकू लावला होता."

मी फोन उचलला. फोन वाजत नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण आली. यायचं आधीच ठरलं होतं. ताईने सगळं आयुष्य विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासण्यात घालवलं. झाडावर आपटलेली गाडी आणि मुद्दाम आपटवलेली गाडी यांतला फरक ती चहा पिता पिता सांगते. निवृत्त झाली, पण सवय सुटत नाही. माझ्या लग्नात हरवलेला आहेराचा डबा तिनेच मांडवाच्या दारात उभं राहून शोधला होता.

माझ्या टेबलावरचा घडीचा कोट बघून तिने विचारलं, "हा कुणाचा?"

मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही तोंड उघडलं नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"आणि तुला काय वाटतं? लावला होता त्याने?"

"तसा तो बोलायला..."

"बोलायला कसा आहे ते नाही विचारलं."

ताईने पर्स टेबलावर ठेवली, म्हणजे मुक्काम पडला. "लोक खोटारडा आधी शोधतात," ती म्हणाली. "मी आधी बघते, सगळेच खरं बोलत असतील तर काय घडलं असेल. खोटारडा शोधायला मग वेळ असतोच. गाडीला अजून कुणाकुणाचा हात लागला?"

हात लागला होता फवाऱ्याचा. फवारा म्हणजे आमच्याकडे गाड्या धुणारा पोक्त गडी. पाइप हातात घेतला की आजूबाजूच्या चार माणसांना तरी भिजवणारच. ताईने त्याला मागच्या अंगणात गाठलं. त्याने आधी कानांवर हात ठेवले. डबी? कुठली डबी? आपल्याला फक्त पाणी माहीत.

"गाडी आतून झाडलीस ना?" ताई म्हणाली. "सॉकेटमध्ये वायर असताना पुढची पायपुसणी कशी काढलीस?"

फवाऱ्याने पाइप खाली ठेवला. तेवढ्यात तिच्या साडीवर पाणी उडालंच.

"मीच उपसली ती वायर," तो म्हणाला. "पण नवी बॅटरी बसून, घट्ट होऊन, बॉनेट खाली आल्यावर! धाकटेसाहेब तोवर त्या बंद गाडीकडे पळाले होते. डबीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा दम आहे, म्हणून काल बोललो नाही. ते ओरडा खात होते आणि मी ड्रमामागे उभा होतो." त्याने मान खाली घातली. "लाज वाटते हो. तोंडच उघडलं नाही."

"वायर काढलीस तेव्हा दिवा?"

"हिरवागार होता."

म्हणजे टेकू लावलेला होता. शेवटपर्यंत लावलेला होता. धाकटा खरं बोलला होता आणि तरीही गाडी सगळं विसरली होती.

"आणखी कोणी आलं होतं गाडीपाशी?" ताईने विचारलं.

फवाऱ्याने इकडेतिकडे बघितलं. "बाईंचा पुतण्या. अजून एकाला घेऊन आला होता. बाईंना सांगू नका म्हणाला."

३

पुतण्या चष्म्याच्या दुकानात काम करतो. आम्ही गेलो तेव्हा तो एका आजोबांच्या नाकावर काड्या बसवत होता. बाईंचं नाव काढताच त्याने काड्या अशा दाबल्या की आजोबा ओरडले.

"मी काल गॅरेजकडे फिरकलोसुद्धा नाही," तो म्हणाला.

ताईने भिंतीवरच्या फ्रेमा बघायला सुरुवात केली. एक घालायची, आरशात बघायची, काढायची. तिला घाई नसते. आजोबा गेले, दुकान रिकामं झालं, आणि पुतण्यालाच राहवेना.

"काकूंना कळलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत."

"मग मला कळू दे," ताई म्हणाली.

त्याला वाटत होतं की काकूंनी ती गाडी विकावी. मोठी गाडी, एकटी बाई, आणि रोज सकाळी दारात उभं राहून रिकामी सीट मागेपुढे करत बसतात, शेजारी हसतात. म्हणून त्याने एका ओळखीच्याला परस्पर गाडी दाखवायला आणलं होतं, काकूंना न विचारता. "माझ्या लहानपणी त्याच गाडीतून काका मला शाळेत सोडायचे," तो म्हणाला आणि काउंटरच्या काचेवरचा नसलेला डाग पुसायला लागला. आमच्याकडे त्याने बघितलं नाही.

मला वाटलं, झालं, सापडला. गाडी विकायची आहे, सीटचा गुंता नको आहे, दिलं पुसून. मी ताईला कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

"तू आलास तेव्हा बॉनेट उघडं होतं?"

"हो. जुनी बॅटरी खाली फरशीवर होती. एकजण पुढे वाकून ब्रशने काहीतरी घासत होता."

धाकटा. नवी बॅटरी लावायच्या आधी टर्मिनल घासून घेतो तो. बॉनेटच्या आड असला की त्याला आतलं काही दिसत नाही.

"मग?"

"मी दार उघडलं. मित्राला गाडी किती फिरली आहे तो आकडा दाखवायचा होता. पण पुढे सगळा अंधार. घड्याळसुद्धा नाही. नुसती ती एक डबी होती वायरीची, तिचा हिरवा दिवा तेवढा चालू."

"चावी फिरवून बघितली नाहीस?"

"चावी नव्हतीच ना तिथे."

ताईच्या नाकावर एक गुलाबी फ्रेम होती. ती तिने हळूच काढून ठेवली. "चल," मला म्हणाली. "आपल्याला माझ्या गाडीची बॅटरी काढायची आहे."

४

ताईची गाडी बाईंच्या गाडीच्याच कंपनीची, फक्त जुनी. गॅरेजच्या अंगणात तिने फवाऱ्याला पाना दिला. फवाऱ्याला विजेच्या कामाला हात लावायला मिळाला म्हणून तो फुलला होता, आणि काही उडालं तर म्हणून एक पाय मागे ठेवून उभा होता.

आमचे हे गाडीची चाचणी घ्यायला बाहेर गेले होते.

ताईने डबीची वायर सॉकेटमध्ये खुपसली. हिरवा दिवा लागला. चावी एक खटका फिरवून तशीच ठेवली. "काढ आता," ती म्हणाली. फवाऱ्याने टर्मिनल सोडवलं. गाडीतलं घड्याळ चालूच राहिलं.

"बघ, टेकू ठणठणीत आहे," ती मला म्हणाली. "आता हे बघ."

तिने खटका मागे घेतला आणि चावी काढून घेतली. घड्याळ विझलं. डबीचा दिवा मात्र तसाच हिरवा.

मी आत वाकून बघत राहिले.

"दिवा डबीचा आहे," ताई म्हणाली. "डबीत वीज आहे एवढंच तो सांगतो. ती गाडीत जाते की नाही, ते त्याला काय ठाऊक? या गाडीचं सॉकेट चावी फिरवलेली असली तरच जागं असतं. चावी काढली की झोपलं. मग टेकू लावला काय आणि खिशात ठेवला काय, सारखंच." फवाऱ्याने टर्मिनल परत जोडलं. घड्याळ बारावर येऊन उघडमीट करायला लागलं, अगदी कालच्यासारखं.

"पण मग चूक धाकट्याचीच ना?" मी म्हटलं. मला अजूनही ती त्याचीच असायला हवी होती, का कोण जाणे. "चावी फिरवून ठेवायला विसरला असेल."

"छे हो!" फवारा मधेच बोलला. "ते दर वेळी आधी चावी फिरवतात, पट्टीवरचे दिवे लागले की मगच बॅटरीला हात. मी बघतो ना रोज. कालही बघितलं."

"म्हणजे त्याने फिरवून ठेवली," ताई म्हणाली. "तो पुढे घासत होता आणि कुणीतरी ती काढून नेली. काल काय म्हणाला होता तो? 'आणि चावी मी', आणि मग?"

"मग ह्यांनी त्याला गप्प केलं."

"हं." ताई माझ्याकडे वळली. "काल बाईंना द्यायला चावी तू कुठून घेतलीस?"

"खिळ्यावरून. सगळ्या चाव्या तिथेच असतात."

"कुठल्या खिळ्यावरून?"

मी फळीकडे बघितलं. खिळ्यांच्या तीन रांगा. खालच्या दोन रांगा मी, धाकटा, फवारा, सगळेच वापरतो. काल मला त्या चावीसाठी स्टूल आणावं लागलं होतं, आणि स्टुलावर प्रिंटर असतो, तो आधी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवावा लागला होता. ठेवताना मी वैतागून म्हटलंही होतं की एवढ्या वर कुणी टांगली.

मी वरच्या रांगेकडे बोट दाखवलं. बाहेर ह्यांची गाडी आत वळल्याचा आवाज आला.

५

आमचे हे ताडमाड उंच. दारातून आत येताना सवयीने मान वाकवतात. आमच्या गॅरेजमध्ये स्टुलाशिवाय वरच्या रांगेला पोचणारा दुसरा कुणी नाही, आणि आमचं स्टूल हलवायचं तर मला कळल्याशिवाय राहत नाही. पुतण्याही माझ्याएवढाच.

ताईने पटकन काही विचारलं नाही. त्यांना हात पुसू दिले.

"जावईबुवा, आत आलेल्या गाडीची चावी खिळ्यावर, हा नियम कुणाचा?"

"माझाच." ते खूश झाले. "मागे एकजण भर दिवसा गिऱ्हाइकाची गाडी चालवत घेऊन गेला. चौकात पकडला म्हणून वाचलो. तेव्हापासून गाडीत चावी दिसली की मी काढतोच. डोळे मिटून."

"परवा काय, काल काय, रोजच?"

"रोजच."

"बाईंच्या गाडीतली पण?"

हे ताईकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मग फळीकडे. "कुणीही टांगली असेल," ते म्हणाले.

"वरच्या रांगेत?"

हातातलं फडकं ते पिळत राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग मी उतरताना बघितला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस मी रागावलेला बघितला आहे, आजारी बघितला आहे, पण असा कधी बघितला नव्हता.

"फोनवर बोलत जात होतो," शेवटी ते म्हणाले. "काच खाली होती. चावी लटकताना दिसली. हात घातला, काढली, टांगली. तो पुढे वाकला होता, त्याला दिसलो नाही. मला इंजिन कळतं हो ताई, ह्या विजेच्या भानगडी तोच बघतो. त्या चावीवर काही चालू असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"नसेल आलं," ताई म्हणाली. "चूक म्हणाल तर एवढीशी. कुणाकडूनही झाली असती. मी वेगळं विचारते. कळलं कधी?"

ते फडक्याची घडी घालायला लागले.

"काल संध्याकाळी तो बोलत होता. टेकूचं बोलला, दिव्याचं बोलला, तोवर तुम्ही ऐकत होतात. 'चावी' म्हणाला आणि तुम्ही ओरडलात. मला माझ्या बहिणीने जसं सांगितलं तसं मी सांगते."

गॅरेजमध्ये फक्त मागच्या नळाचं पाणी ठिबकत होतं. फवारा ते बंद करायला गेला आणि तिकडेच थांबला.

"तेव्हाच," हे म्हणाले. "तो चावी म्हणाला आणि मला माझा हात दिसला, चावी टांगताना. आणि बाई रडायच्या बेतात, गिऱ्हाइकं बघतायत. तोंडातून गप्प बस निघून गेलं. एकदा निघाल्यावर... मागे कसं घ्यायचं? जसा जसा बोलत गेलो तसा तसा आतच जात गेलो."

"म्हणून त्याला हाकललंत?" मी विचारलं.

"त्याचं बोलणं कुणी खरं धरत नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, चार दिवसांत परत बोलावू. तो काही मनाला लावून घेत नाही."

मला ताईसमोर उभं राहवेना. ती माझी बहीण, आणि हे माझं घर. टेबलावर कोट तसाच घडी घालून पडला होता. काल रात्री जेवताना हे नेहमीसारखं जेवले होते, मी वाढलं होतं, आणि धाकटा जेवला का हे आम्ही दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

६

धाकटा बाजारामागच्या गल्लीत एका टायरवाल्याकडे पंक्चर काढत होता. ज्या हातांनी तो गाडीतली केसासारखी वायर जोडतो, त्या हातांनी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. आम्हाला बघून तो उठला नाही. मी कोट बरोबर आणला होता. आणला हेच चुकलं, असं मला तिथे पोचताच वाटलं.

"चावी मी काढली होती," हे म्हणाले. एवढंच पाठ करून आले होते बहुतेक.

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"गाडीत हात घालून चावी काढणारा गॅरेजमध्ये दुसरा कोण आहे?" त्याने ट्यूब फिरवली. "काल तुला सांगायला गेलो तर ओरडलास. म्हटलं, चारचौघांत नको वाटलं असेल. रात्री येईल. मग म्हटलं, सकाळी येईल."

पाण्यात एक बारीक बुडबुडा आला. त्याने तिथे खडूने खूण केली.

"कुणी शोधलं?" त्याने विचारलं.

"ताईंनी," हे म्हणाले.

"त्यांनी शोधलं नसतं तर तू सांगितलं असतंस?"

हे 'हो' म्हणतील असं मला वाटलं. देवाशपथ सांगते, त्यांनी 'हो' म्हणावं असंच मला वाटत होतं.

"नाही," ते म्हणाले. "नसतं सांगितलं."

धाकट्याने पहिल्यांदा वर बघितलं. मग माझ्याकडे वळला. "आणि वहिनी, तुम्ही? मी टेबलापाशी येऊन म्हणालो, तेव्हा?"

"नाही ठेवला विश्वास," मी म्हटलं. कोट माझ्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "मला हाकललंस चारचौघांत, दादा. आणि हे सांगायला आलास गल्लीत." आणि तो पुन्हा ट्यूबकडे वळला.

घरी आल्यावर ह्यांनी बाईंना फोन लावला आणि उद्या सकाळी जरा याल का, एवढंच विचारलं. मग कालच्या त्या दोन गिऱ्हाइकांना लावला. मी म्हटलं, अहो, बाईंना तेवढं सांगा, बाकीच्यांना कशाला? गॅरेजचं नाव जाईल. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला माझीच लाज वाटली.

सकाळी गॅरेज भरलं. बाई आल्या होत्या, त्यांच्या मागे पुतण्या खांदे पाडून उभा होता. बहुधा त्यानेही रात्री आपलं काही सांगून टाकलं असावं. परवाची गिऱ्हाइकं होती, आजची होती. ताई माझ्या खोलीच्या दारात उभी होती. आमचे हे मधोमध जाऊन थांबले, आणि आपल्या उंचीचं काय करावं हे न कळून जरा वाकूनच बोलायला लागले.

"बाईंच्या गाडीतली चावी मी काढली. त्यामुळे त्यांचं सगळं गेलं. माझ्या भावाने टेकू लावला होता. नीट लावला होता. चूक माझी आहे हे मला त्याच वेळी कळलं होतं, तरी मी त्याला तुमच्यासमोर खोटारडा म्हटलं." आवाज फाटला. त्यांनी घसा साफ केला, तरी फाटलेलाच राहिला. "तो खोटं बोलला नाही. मी बोललो."

सोबतच्या माणसाच्या कानात काहीतरी सांगायला एकजण वाकला आणि तसाच थांबला. ह्यांची मान खाली होती, त्यामुळे गेटपाशी कोण येऊन उभं राहिलं आहे ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. बाईंनाही दिसलं.

बाई तिकडे चालत गेल्या. "मी तुम्हाला नाही ते बोलले," त्या धाकट्याला म्हणाल्या.

"तुमचं जे गेलं ते मला परत आणता येणार नाही, बाई," तो म्हणाला. "तुम्ही शेजारी उभ्या राहून सांगत गेलात, एवढी मागे, एवढी खाली, तर जवळपास जाऊ. पण ती त्यांनी स्वतः लावलेली नसेल."

"नको," बाई म्हणाल्या. "एक नंबर राहू दे मोकळा." डोळे पुसून त्या तिथेच थांबल्या.

शेवटी आजच्या गिऱ्हाइकांपैकी एकजण, ज्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं आणि कामावर जायला उशीर होत होता, तो ह्यांना म्हणाला, "ते सगळं ठीक आहे हो. माझ्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजतोय. कधी मिळेल गाडी?"

ह्यांनी मान वर केली. धाकटा दिसला.

"ते मला नका विचारू," ते म्हणाले. "त्याला विचारा. तो म्हणेल ते खरं."

सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. धाकटा तिथेच उभा, ना आत ना बाहेर. तो दादाकडे बघत राहिला, पुष्कळ वेळ. हॉर्नवाला ताटकळला.

"संध्याकाळी," धाकटा म्हणाला.

"नक्की संध्याकाळी ना?" त्या माणसाने मला विचारलं, नेहमीसारखं, कारण असल्या गोष्टी सगळे मलाच विचारतात.

"त्यांनी सांगितलं ना," मी म्हटलं, आणि धाकट्याकडे बघायचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.